एका घन सेंटिमीटरात ४८ लाख कोटी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एसजी आयर्नच्या कुठल्याही फाउंड्रीत थोडा वेळ उभं राहावं. मध्येच शेडमध्ये वीज पडल्यासारखा पांढरा लख्ख उजेड होतो, धूर वर पत्र्यापर्यंत चढतो आणि नवखा माणूस आपोआप दोन पावलं मागे सरकतो. जुन्यांना त्याचं काही नसतं. लॅडलच्या तळाला एफएसएमचे, म्हणजे फेरो-सिलिकॉन-मॅग्नेशियमचे खडे घातलेले असतात, टनाला साधारण १५ किलो. त्यावर स्टीलच्या तुकड्यांचा थर दाबून बसवलेला असतो. फर्नेस वाकते, १,४५० अंश सेल्सिअसच्या वरचं लोखंड त्यावर पडतं, आणि मॅग्नेशियम तर १,०९० अंशांनाच उकळतं. मग जे व्हायचं ते होतं. पुढची दहा-बारा मिनिटं सगळ्यांची पळापळ. ‘‘आटपा रं, फेड व्हायलंय!’’ ही ओरड त्या मिनिटांतली. मॅग्नेशियमचा असर उतरायच्या आत सगळे मोल्ड भरून झाले पाहिजेत, नाहीतर अख्खी हीट रिजेक्शनमध्ये.

आता हिशोब मांडू. १५ किलो एफएसएममध्ये ६ टक्के मॅग्नेशियम धरलं तर ते झालं ९०० ग्रॅम. त्यातलं निम्मं जळून धुरावाटे जातं. ही ४५० ग्रॅमची वाफ त्या तापमानाला अडीच घनमीटरहून जास्त जागा मागते. लॅडलमधलं एक टन लोखंड मात्र ०.१५ घनमीटरही भरत नाही. लोखंडाच्या १७-१८ पट वाफ काही क्षणांत त्याच्या पोटातून बाहेर येते, म्हणून तो दंगा. मागे राहतं ४००-४५० ग्रॅम. एक टनात ४०० ग्रॅम म्हणजे ०.०४ टक्के, अडीच हजार भागांत एक भाग.

एवढ्याशा मॅग्नेशियमने काय होतं? साध्या सीआयची, म्हणजे ग्रे आयर्नची १०० मिलिमीटरची पट्टी ओढली तर एक मिलिमीटरही न वाढता कडकन तुटते. एसजी ४००/१८ या ग्रेडची तेवढीच पट्टी तुटण्यापूर्वी ११८ मिलिमीटरपर्यंत ताणली जाते. दोन्हींत कार्बन जवळजवळ सारखाच असतो, टनाला ३५ किलोच्या आसपास. मॅग्नेशियमने कार्बन कमी केला नाही की वाढवला नाही. फक्त त्याचा आकार बदलला. सीआयमध्ये ग्रॅफाइट पातळ, टोकदार पापुद्र्यांसारखं पसरतं. एसजीमध्ये त्याच्या गोळ्या होतात; एसजी म्हणजे स्फेरॉइडल, गोलाकार ग्रॅफाइट.

टोक आणि गोळी यांत एवढा फरक का, याचं गणित केंब्रिजच्या चार्ल्स इंग्लिस यांनी १९१३ मध्येच मांडून ठेवलं आहे. एक मिलिमीटर खोल तडा, त्याचं टोक एक मायक्रॉन त्रिज्येचं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपण वस्तू ओढतो एका जोराने, पण त्या टोकाशी बसणारा ताण त्याच्या ६४ पट असतो. म्हणजे वस्तू सबंध बळकट असली तरी टोकापुरती ती कधीच हरलेली असते. वर्कशॉपमधला मेस्त्री इंग्लिस न वाचताही यावरचा उपाय जाणतो. कास्टिंगच्या घराला किंवा पत्र्याला तडा गेला की तो तड्याच्या टोकाशी ड्रिलने भोक पाडतो. तीन मिलिमीटरचं भोक पाडलं की टोकाची त्रिज्या दीड मिलिमीटर होते आणि तो ६४ चा आकडा साडेतीनवर येतो. सामान काढून टाकलं, वस्तू किंचित हलकी झाली, आणि तडा थांबला. मजबुती म्हणजे भरीव वजन, अशी आपल्याकडे घट्ट समजूत आहे. हे भोक त्या समजुतीच्या बरोबर विरुद्ध बोलतं.

ग्रॅफाइट इतकं मऊ की पोलादाच्या मानाने ते नसल्यातच जमा. तेव्हा एसजी आयर्नमधली प्रत्येक गोळी म्हणजे आधीच पाडून ठेवलेलं एक गोल भोक. गोल पोकळीच्या कडेला ताण वाढून वाढून साधारण दुप्पट होतो, त्याहून फार नाही. आणि ही भोकं किती? गोळीचा व्यास ३० मायक्रॉन आणि ग्रॅफाइटचा वाटा आकारमानाने ११ टक्के धरला, तर एका घन मिलिमीटरात पावणेआठ हजारांच्या घरात. एक किलो लोखंडात ११० कोटी. वीस किलोचं एक कास्टिंग फेटलिंगच्या टेबलावर आलं, की त्याच्या पोटात २,२०० कोटी गोळ्या आहेत, पृथ्वीवरच्या माणसांच्या पावणेतीन पट. एका टनाच्या लॅडलमधून भरलेल्या मोल्डांत लोखंड थिजायला दहा मिनिटं धरली, तर सेकंदाला १०० कोटींहून अधिक गोळ्या जन्माला येत असतात. कोल्हापूर परिसरात लहानमोठ्या मिळून तीनशेच्या घरात फाउंड्री आहेत. दिवसाचा गुणाकार वाचकाने स्वतः करून पाहावा.

हा शोध तसा अलीकडचा. अमेरिकेत इंटरनॅशनल निकेल कंपनीत कीथ मिलिस यांनी १९४३ मध्ये वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम घालून पाहिलं; १९४८ मध्ये फाउंड्रीवाल्यांच्या सभेत ते जाहीर झालं आणि १९४९ मध्ये पेटंट मिळालं. (यावरून सीआयला कुणी नावं ठेवू नयेत. मशीनचा बेड थरथर गिळून स्वस्थ बसतो, तो त्याच पापुद्र्यांमुळे.)

नेमक्या त्याच वर्षांत प्लास्टिकवाले हाच प्रश्न सोडवत होते, आणि त्यांचे आकडे पाहिले की फाउंड्रीचे आकडे किरकोळ वाटू लागतात.

पाळी सुटली की शिरोलीच्या गेटांबाहेर दुचाक्यांची जी रांग लागते, ती पाहा. आरशांना अडकवलेली हेल्मेटं बहुतेक एबीएस या प्लास्टिकची. एबीएसच्या घरातला मूळ गडी पॉलिस्टायरिन. सीडीची पारदर्शक डबी आठवते? ती पॉलिस्टायरिनची: काचेसारखी स्वच्छ, आणि हातातून पडली की कोपरा गेलाच. त्यात थोडं रबर मिसळलं, तेही गोळ्यांच्या रूपात, की त्याच कुळातलं प्लास्टिक डोक्यावर घालण्याच्या लायकीचं होतं. रबर म्हणजे पॉलिब्युटाडाइन. पॉलिस्टायरिन १०० अंशांखाली कडक होऊन बसतं. हे रबर शून्याखाली ९० अंशांपर्यंत मऊच राहतं. मऊ गोळ्या, कडक घर. ग्रॅफाइट आणि लोखंडासारखंच.

पण गोळ्यांचं माप पाहा. एबीएसमधला रबराचा कण ०.१ ते ०.५ मायक्रॉनचा. आपण ०.२ धरू. माणसाचा केस ७० मायक्रॉन जाड असेल, तर त्याच्या रुंदीत असे ३५० कण शेजारी शेजारी मावतील. ग्रॅफाइटच्या एका गोळीच्या जागेत जवळपास ३४ लाख. आता एक घन सेंटिमीटर एबीएस घ्या, म्हणजे बोटाच्या पेरात मावेल एवढा ठोकळा, आणि त्यात रबर २० टक्के. कणांची संख्या येते ४८ लाख कोटी.

हा आकडा ओळखीचा वाटतोय? २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात देशाचा सबंध वर्षाचा खर्च धरला होता ४८.२१ लाख कोटी रुपये. संरक्षण, रेल्वे, खतांची सबसिडी, कर्जावरचं व्याज, सगळं धरून. तेवढे रुपये, प्रत्येक रुपयाला एक कण, आणि सगळं पेराएवढ्या ठोकळ्यात. सेकंदाला एक या वेगाने मोजायला बसलात तर १५ लाख वर्षं लागतील; आपली माणसाची जात पृथ्वीवर येऊनच तीन लाख वर्षं झाली असं शास्त्रज्ञ म्हणतात. हेच कण एका ओळीत मांडले तर साडेनऊ हजार किलोमीटरची रेघ होईल. कोल्हापूर-मुंबई अशा बारा फेऱ्या, जाऊन-येऊन, एका ठोकळ्यात.

रबर आणि प्लास्टिक जिथे एकमेकांना भिडतात ते पृष्ठफळ काढलं, तर प्रत्येक घन सेंटिमीटरात सहा चौरस मीटर. एक किलो एबीएसमध्ये ५६ गुंठे. दीड एकराला चार गुंठे कमी. आणि या ५६ गुंठ्यांत जागोजाग रबराला प्लास्टिकच्या साखळ्या रासायनिक गाठीने बांधलेल्या असाव्या लागतात. नुसतं रबर कालवून भागत नाही. गाठ नसेल तर कण सुटा पडतो आणि पहिल्याच दणक्याला साथ सोडतो. हेल्मेटचं कवच अर्धा किलोचं धरलं, तर त्यातल्या कणांची वाटणी जगातल्या प्रत्येक माणसाला २८ लाख अशी होईल. आरशाला अडकवलेल्या एका हेल्मेटमधून.

एवढे बारीक कण करण्याचा अट्टहास कशासाठी? याचं सर्वांत नेटकं उत्तर ड्यूपॉन्ट कंपनीतल्या सूहेंग वू यांनी १९८५ मध्ये नायलॉनवर दिलं. त्यांनी वेगवेगळ्या मापांचे रबराचे कण घालून नमुने फोडून पाहिले. निष्कर्ष असा, की दोन शेजारी कणांच्या मधली नायलॉनची भिंत ०.३ मायक्रॉनपेक्षा पातळ असेल तर नायलॉन चिवट, जाड असेल तर ठिसूळ. मधलं फारसं काही नाही. रबर २० टक्केच ठेवा. कणाचा व्यास दोन मायक्रॉन असेल तर मधली भिंत पाऊण मायक्रॉनची, म्हणजे नायलॉन फुटणार. व्यास ०.८ मायक्रॉनच्या खाली आणा, भिंत ०.३ च्या आत येते आणि धक्का सोसायची ताकद वीसेक पट होते. रबराचा खर्च तोच, वजन तेच. व्यास निम्मा केला की कण आठपट होतात, दहावा हिस्सा केला की हजारपट. माझ्या मते या सगळ्या विषयाची मेख इथे आहे: किती घातलं याला मोल थोडं, किती जवळ जवळ घातलं याला फार.

पॉलिस्टायरिनवाल्यांनी तर याहून हुशारी केली. आपल्या रायगड जिल्ह्यात नागोठण्याजवळ सुप्रीम पेट्रोकेमच्या कारखान्यात साधं पॉलिस्टायरिनही बनतं आणि ज्याला बाजारात ‘हिप्स’ म्हणतात ते धक्का सोसणारंही. फ्रिजचं आतलं पांढरं अस्तर बहुधा हिप्सचंच असतं. हिप्समध्ये रबर वजनाने जेमतेम सहा ते आठ टक्के. ते आधी पातळ स्टायरिनमध्ये विरघळवतात आणि ढवळत ढवळत स्टायरिनचं पॉलिमर करत जातात. एका टप्प्यावर रबर आपोआप थेंब होऊन वेगळं पडतं, पण जाताना पोटात पॉलिस्टायरिनचे बारके बारके कप्पे घेऊन जातं. पुरणपोळीत कणीक थोडी आणि पुरण भरपूर, तशी गत. सात टक्के रबराच्या गोळ्या पाव जागा अडवून बसतात. गोळी केवढी व्हायची हे ढवळण्याच्या वेगावर बरंच अवलंबून. रसायनशास्त्र नंतर, आधी पंखा.

धक्का मोजायची पद्धत प्रयोगशाळेत बघण्यासारखी असते, आणि शंभराहून अधिक वर्षांत फारशी बदललेली नाही. एडविन आयझॉड यांचं यंत्र १९०३ चं. एक पट्टी, साडेत्रेसष्ट मिलिमीटर लांब, १२.७ रुंद, ३.२ जाड. तिला अडीच मिलिमीटर खोल खाच, खाचेच्या तळाची त्रिज्या बरोबर पाव मिलिमीटर. पट्टी शिकंज्यात उभी धरायची आणि ६१ सेंटिमीटर उंचीवरून लोलकाचा हातोडा सोडायचा. पट्टीला भिडताना त्याचा वेग तासाला साडेबारा किलोमीटर, म्हणजे सायकलवरून निवांत जाणाऱ्या माणसाचा. पट्टी फोडून हातोडा पलीकडे किती वर चढला ते पाहायचं. जेवढा कमी चढला तेवढी शक्ती पट्टीने खाल्ली. साध्या पॉलिस्टायरिनची पट्टी खाते जेमतेम ०.०६ जूल, १०० ग्रॅमचं वजन सहा-साडेसहा सेंटिमीटर उचलायला लागते तेवढी. हातोड्याला ती लागल्याचं कळतही नाही. चांगल्या एबीएसची तेवढीच पट्टी जवळपास एक जूल खाते, आणि फुटलेल्या तोंडाशी पांढरी पडते.

तो पांढरा डाग म्हणजे लढाईचं मैदान. ठिसूळ प्लास्टिकमधला तडा सेकंदाला काहीशे मीटर वेगाने धावतो. ५०० धरले तरी हवेतल्या आवाजाहून जलद. आपल्या एबीएसमध्ये एक सेंटिमीटर जायला त्याला २० मायक्रोसेकंद लागले असते, आणि एवढ्यात सरळ रेषेत ३६ हजार कण आडवे आले असते. पण तडा येण्याआधीच ताणाने कणांच्या अवतीभवती प्लास्टिक फाटल्यासारखं होतं. पुरतं फाटत नाही. मधल्या फटीत प्लास्टिकचे धागे ताणलेले राहतात, एकेक १० नॅनोमीटरच्या आसपास जाडीचा. एक चौरस मिलिमीटर फटीत असे धागे ३०० कोटींच्या घरात. एक मोठा तडा जाण्याऐवजी असंख्य जागी असं अर्धवट फाटणं होतं, प्रत्येक धागा ओढून लांबवायला शक्ती लागते, आणि दणक्याची सगळी शक्ती त्यातच खर्ची पडते. फटींमुळे उजेड विखुरतो, म्हणून पांढरेपण. हे १९६५ मध्ये बकनॉल आणि स्मिथ यांनी दाखवलं. त्याच वर्षी जपानच्या काटो यांनी ऑस्मियमच्या संयुगाने रबर काळं रंगवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे कण स्वच्छ दाखवले. तोवर एबीएस बाजारात येऊन दहाएक वर्षं उलटून गेली होती. कारखाने आधी चालले, चित्र मागून आलं. शिरोलीत यात कुणाला नवल वाटणार नाही.

किंमत मोजावी लागतेच. रबराने कडकपणा उतरतो. पारदर्शकताही जाते, कारण कणांचं माप उजेडाच्या लहरीच्या जवळपास येतं आणि उजेड सरळ जात नाही. म्हणून एबीएसचा दाणा मुळातच दुधट असतो. सगळ्यात वाईट म्हणजे ऊन. पॉलिब्युटाडाइनच्या साखळीत जे दुहेरी बंध असतात त्यांना ऊन आणि हवेतला ऑक्सिजन दोघे मिळून खातात. रबर कडक होतं, आणि कडक रबराचा कण म्हणजे नुसती भर. वरचा अगदी पातळ थर ठिसूळ झाला तरी पुरतं, तडा सुरू व्हायला तेवढं टोक बस झालं. पुन्हा इंग्लिसचे ६४. दिवसभर उन्हात तापून पिवळं पडलेलं कवच दिसायला धड असतं, एवढंच. जुन्या मालाचा पुन्हा पुन्हा वितळवलेला रिप्रोसेस दाणा वापरला तर तीच गत जरा लवकर येते. रंग काळा घातला की डोळ्याला काही कळत नाही, आणि हातात घेऊन वजन पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला तर मुळीच नाही.

दुचाकीवरून पडताना पाच किलोचं डोकं दीड मीटरवरून आपटलं तर ७०-७५ जूल होतात. त्या पट्टीचा एक जूल आठवा आणि सबंध कवचाला, आतल्या थर्मोकोलच्या अस्तरासह, काय करावं लागतं ते पाहा. ते अस्तरही पॉलिस्टायरिनच, नव्वद टक्क्यांहून अधिक हवा भरलेलं. कवच दणका पसरवतं, अस्तर चेपून शक्ती खातं, आणि दोघंही हे काम एकदाच करतात. धागे ओढले गेले ते परत आत जात नाहीत, चेपलेला फेस फुगत नाही.

१ जून २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट आयएसआय चिन्हाशिवाय बनवायला आणि विकायला देशात बंदी आहे. चिन्हाजवळ आयएस ४१५१ हा क्रमांक असतो, तो पाहूनच घ्या. गाडी लावल्यावर हेल्मेट उन्हात आरशावर ठेवू नका, सावलीत घेऊन जा. आणि एकदा जोरात आपटलेलं किंवा कुठे पांढरी रेघ उमटलेलं हेल्मेट, वरून कितीही नवं दिसलं तरी, धाकट्या भावाला देऊ नका. मोडीत टाका.